न मिटणारे डोळे

बुसान, ८ मार्च २०२१

दादा,

पत्र बघून वहिनी हसेल. एवढी व्हिडिओवर हात नाचवणारी नणंद आणि हे काय कागदावर! तिला सांग, फोनचा कॅमेरा बिघडलाय. नववर्षानंतर मी तुला दोनदा व्हिडिओ कॉल लावला, तू उचलला नाहीस. आता माझाच कॅमेरा गेला. फिटंफाट.

मेसेजमध्ये मला लिहिता येत नाही. दोन ओळी लिहिते आणि चार पुसते.

इकडे सगळं ठीक आहे. केंद्राचं काम चालू आहे. हॉस्पिटल, कोर्ट, पोलीस चौकी, जिथे तुझ्यासारख्या कुणा बहिऱ्या माणसाला खुणांचा दुभाषी लागेल तिथे पाठवतात. टीव्हीवरच्या संध्याकाळच्या बातम्या सध्या दुसरी मुलगी करते. आम्ही पाळीपाळीने करतो. तेव्हा कोपऱ्यातल्या गोलात मी दिसले नाही तर आईला काळजी करू नको म्हणावं.

डोळे आता बरेच बसलेत. सूज पूर्ण उतरली की आणखी छान दिसतील, असं दवाखान्यातली बाई म्हणाली.

नववर्षाला जे झालं त्यात दोघांचंही थोडं थोडं चुकलं असं मी धरून चालते. वडिलांच्या नैवेद्याच्या ताटासमोर तरी आपण भांडायला नको होतं.

दुकानातल्या मधाच्या पावांना गिऱ्हाईक आहे का? मास्क लावून का होईना, तोंग्योंगला माणसं येतात असं ऐकते. आईच्या गुडघ्यांना शेक देत जा.

नान-ही


बुसान, १९ एप्रिल

दादा,

कॅमेरा बिघडलेला नाही.

तुझं उत्तर आलं नाही तेव्हाच मला कळलं की तुला हे माहीत आहे. वहिनीलाही माहीत असणार. मी चेहरा दाखवायला लाजते म्हणून लिहिते आहे. आता सरळ सांगते, नाहीतर तिसऱ्या पत्रात आणखी काहीतरी बिघडवावं लागेल.

डिसेंबरात मी डोळे करून घेतले तेव्हा मला सांगितलं होतं की वरच्या पापणीला एक घडी घालायची आणि पापणी उचलणारा स्नायू जरासा आवळायचा. डोळा टपोरा दिसतो. इथे शाळा संपली की मुली करून घेतात, आया बरोबर जातात. लपवण्यासारखं काही नसतंच. पण माझा स्नायू जरा जास्तच आवळला गेला. आता बुबुळाच्या वरही पांढरं दिसतं. घडी इतकी उंच आणि जाड बसली आहे की पापणीवर गांडूळ झोपल्यासारखं वाटतं. आणि डोळे पूर्ण मिटत नाहीत. झोपताना मलम घालते, वरून चिकटपट्टी लावते. सकाळी तरीही डोळ्यांत वाळू.

मास्कमुळे तर फक्त डोळेच उरलेत. परवा मेट्रोत शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "पोरी, कुणी मागे लागलंय का तुझ्या? माझ्याबरोबर उतर." मी म्हटलं, "नाही हो, माझे डोळेच असे आहेत." ती म्हणाली, "घाबरू नकोस, मी आहे." शेवटी मी तिच्याबरोबर एक स्टेशन आधी उतरले आणि चालत घरी आले. तिला किती बरं वाटलं असेल.

बातम्यांचं काम पाळीपाळीने नाही. ते काढून घेतलं. निर्माता भला माणूस आहे, त्यानं कॉफी पाजून सांगितलं, "बाई, तुम्ही हवामान सांगता तेव्हा लोकांना वाटतं त्सुनामी येतेय."

आता नववर्षाचं. तू विसरला नसशील. तरी लिहिते, कारण आईला मी ते वेगळं सांगितलंय.

मी तुला धीर द्यायला म्हटलं होतं, 'दुकान चालेल.' साधं वाक्य. साथ जाईल, लोक येतील, दुकान चालेल. पण आपल्या खुणांच्या भाषेत डोळे मोठे करून म्हटलेलं 'चालेल' म्हणजे 'चालेल?' तू म्हणालास, तुला शंका आहे का? मी म्हटलं, नाही, चालेल. माझे डोळे पुन्हा म्हणाले, चालेल? तिसऱ्यांदा मी आणखी जोर दिला आणि जोर दिल्यावर ते आणखी उघडले. तुझ्या जागी मीही चिडले असते. वर्षभर तुम्ही दोघं त्या दुकानापायी जीव काढताय आणि बहीण शहरातून येऊन टोमणे मारते.

मग तू आईला माझ्याबद्दल काहीतरी सांगत होतास आणि माझं नाव घ्यायची वेळ आली. तुझा हात डोळ्यापर्यंत गेला आणि थांबला. माझं चेहरा-नाव, म्हणजे खुणेतलं नाव, तूच ठेवलेलं, मी तीन-चार वर्षांची असताना. दोन बोटं मिटल्या पापणीवरून बाहेर ओढायची: झोपाळू डोळ्यांची. सगळे बहिरे लोक मला त्याच नावाने ओळखतात. तू हात खाली आणलास आणि त्याऐवजी खूण केलीस, 'ती टीव्हीवाली.'

ते मला इतकं लागलं की मी केलं ते केलं. तू पुढे बोलत होतास, तुझे हात चालू होते, आणि मी डोळे मिटून घेतले.

आईला मी सांगितलं, "दादाच मधे उठून गेला." आईला काय, ती ऐकू येणारी. तिच्या लेखी डोळे मिटणं म्हणजे थकवा. तुझ्या तोंडावर दार आपटलं होतं मी. आणि माझे डोळे नीट मिटलेही नाहीत. खालच्या फटीतून मला तुझे हात दिसत होते. ते थांबले ते मी पाहिलं. तरी मी उघडले नाहीत.

दोघांचं थोडं थोडं चुकलं असं मागे लिहिलं होतं. ते खोडून वाच.

नान-ही


बुसान, २ जून

दादा,

आज छोटं पत्र. आईकडून कळलं की माझी पत्रं तू वाचतोस आणि कपाटात ठेवतोस. एवढं पुरे.

सहा महिने झाले, म्हणून जिथे शस्त्रक्रिया केली होती तिथे दाखवायला गेले. डॉक्टर दिसलाच नाही. समुपदेशक बाईनं आरसा दिला आणि म्हणाली, "किती तरुण दिसताय! अजून थोडी सूज आहे, धीर धरा." मी म्हटलं, "माझे डोळे मिटत नाहीत." ती म्हणाली, "बऱ्याच जणींना सुरुवातीला असं वाटतं." वाटतं! मी तिच्यासमोर डोळे मिटून दाखवले. मला फटीतून फक्त तिचे बूट दिसत होते आणि ते आत ओढले गेले.

दुसरीकडेही दाखवावं म्हणते. दुरुस्तीची शस्त्रक्रिया असते म्हणे. पण पुन्हा त्या टेबलावर झोपायची भीती वाटते. आणि चार लोकांना काय सांगायचं? आधी कशासाठी केलं, मग कशासाठी मोडलं? केंद्रातल्या पोरी तोंडावर 'दीदी छान' म्हणतात आणि मी वळले की एकमेकींकडे बघतात. मला पाठीमागचं बघायची सवय आहे, तुझ्यामुळेच लागलेली.

एक चांगली बातमी. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलात कोण भेटावं? ओक आजी! तुमच्या बहिऱ्यांच्या शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची ती, स्वतःही बहिरी. शनिवारी आई आणि मी तुला भेटायला यायचो तेव्हा ती मला भाताच्या पातेल्याशेजारी बसवून खुणा शिकवायची. आता कोजे बेटावर एकटी राहते, शेजारणीबरोबर आली होती. पोटात गाठ होती, तपासणी झाली, गाठ साधी निघाली. डॉक्टरचं बोलणं मीच तिला सांगितलं. घरी जा, जेवा, फिरा म्हटलं. तिनं दोनदा विचारलं, 'खरं सांग.' मी खरं तेच सांगितलं. मग माझा हात थोपटून गेली. तुला आनंद होईल म्हणून लिहिते.

नान-ही


बुसान, २१ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार महिन्यांत तुझ्याकडून आलेली पहिली अक्षरं, आणि ती अशी: 'ओक आजी मरते आहे म्हणते. सगळ्यांना बोलावून निरोप घेते. तू सांगितलंस म्हणते. काय सांगितलंस?'

मी ते केंद्रात उभ्या उभ्या वाचलं. रजाही न मागता बस पकडली. सगळा समुद्र-पूल ओलांडेपर्यंत मी मनात तेच वाक्य पुन्हा पुन्हा करून बघत होते, 'कॅन्सर नाही, कॅन्सर नाही,' आणि खिडकीच्या काचेत स्वतःचे डोळे बघत होते. काचेतली बाई म्हणत होती: कॅन्सर नाही? नाही ना? अरे देवा.

तोंडावर मास्क होता, दादा. माझ्या हातांखेरीज तिला फक्त हे डोळेच दिसले.

मी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. आजी जमिनीवर गादीत पडलेली. उशाशी तागाची अंत्यवस्त्रं घडी करून ठेवलेली, बिनशिवणीची, पिवळसर. तुमच्या शाळेतले दोघं जण भिंतीशी बसलेले, त्यांनी माझ्याकडे पाहून मान वळवली. आजीच्या हातांची हाडं दिसत होती. जेवण सोडलं होतं तिनं. खाऊन काय करायचं, असं शेजारणीला लिहून दिलं होतं.

मला बघून ती म्हणाली, "आलीस? बरं झालं. बस. तूच सांगितलंस, तूच शेवटी भेटायला आलीस, चांगली पोर आहेस."

मी मास्क काढला आणि गुडघ्यांवर बसून सांगितलं, "आजी, गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. तू मरणार नाहीस."

आजी भिंतीजवळच्या दोघांकडे वळली. "बघा, बघा. परत तेच. हात म्हणतात नाही आणि डोळे म्हणतात, अरेरे बिचारी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला फसवू नकोस. मी तुला एवढीशी असल्यापासून ओळखते. तुझा चेहरा कधी खोटं बोलायचा नाही. हा जो आता आहे तो बोलतो."

मी तिला डोळ्यांचं सांगितलं. सगळं. शस्त्रक्रिया, स्नायू, पट्टी. हे सांगतानाही मी भेदरलेलीच दिसत असणार. ती ऐकत, म्हणजे बघत राहिली. मग हाताच्या इशाऱ्यानं जवळ बोलावलं, आणखी जवळ. दोन्ही अंगठे माझ्या पापण्यांवर ठेवून तिनं त्या खाली ओढल्या. हळू नाही, चांगल्या दाबून, पिठाची लाटी दाबावी तशा. दुखलं. तिचे हात अडकलेले, म्हणून तिनं हनुवटीनं खूण केली: हं, आता सांग.

पापण्यांखालून मला तिच्या गळ्याची कातडी तेवढी दिसत होती. मी हात वर केले आणि सांगितलं. गाठ. साधी. कॅन्सर नाही. तू मरणार नाहीस. निदान याने तरी नाही.

तिनं अंगठे काढले नाहीत. हनुवटी हलली: पुन्हा. मी पुन्हा सांगितलं.

मग अंगठे निघाले आणि माझ्या पाठीत असा धपाटा बसला की मी अंत्यवस्त्रांवर जाऊन पडले.

"मूर्ख पोरी! मी कोंबड्या देऊन टाकल्या! सगळ्या! चांगल्या अंडी देणाऱ्या!"

दुसरा धपाटा. "आणि लोणच्याचा मोठा रांजण! तो त्या वाकड्या नाकाच्या नाकवडीला दिला, ती आता परत देईल का?"

भिंतीशी बसलेले दोघं हसायला लागले आणि एकाला रडू फुटलं. आजी उठून बसली, रताळं मागितलं, सालासकट खाल्लं. मी शेजारणीकडे जाऊन कोंबड्या सोडवून आणल्या. रांजण मिळाला नाही.

हे मी हसवायला लिहीत नाहीये. तुला समोर दिसतील म्हणून लिहिते, तिची ती गादी, ती वस्त्रं. दोन-अडीच आठवडे ती माणूस मरत होती, दादा. रोज सकाळी उठून, आज का उद्या, असं. मी इकडे मेट्रोत खिडकीकडे तोंड करून स्वतःच्याच दुःखात बसले होते आणि तुला 'चांगली बातमी' म्हणून कळवत होते.

निघताना आजीनं विचारलं, "पण कशाला केलंस हे?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सहा महिने सगळ्यांना तेच देते आहे. मी म्हटलं, "टीव्हीवरचा गोल इतका छोटा असतो, माझे डोळे त्यात दिसतच नव्हते. तुम्हा लोकांना नीट कळावं म्हणून केलं."

आजीचं तोंड रताळ्यानं भरलेलं होतं. तिनं सावकाश गिळलं.

"आमच्यासाठी?" ती म्हणाली. "आम्हाला विचारलंस?"

केंद्राच्या बाईंना मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी मला हॉस्पिटलच्या कामावरून काढलं. बरोबर केलं. आता मी दस्तऐवज लावते.

नान-ही


बुसान, १४ ऑगस्ट

दादा,

आजीला पेज घेऊन तू दर रविवारी जातोस हे कळलं. माझ्याबद्दल काही बोलता का, ते विचारत नाही.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी तिला दिलं नाही. तुला देते.

बातम्यांच्या खाली लोक काय काय लिहितात ते मी वाचत असे. 'कोपऱ्यातल्या बाईला कुणीतरी उठवा.' 'साथीचे आकडे ऐकून दुभाषी झोपी गेली.' ओळख ना पाळख अशी माणसं. तरुणपणी मैत्रिणींनी डोळे करून घेतले तेव्हा मी त्यांना हसायचे, म्हणायचे, मला माझे डोळे लागतात, माझा भाऊ त्यातून ऐकतो. किती मोठं वाक्य! आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मी रात्ररात्र आरशासमोर बसून केसांच्या पिनेनं पापणीवर घडी पाडून बघू लागले. घडी पडली की मी मला आवडायचे. एवढंच आहे, दादा. बहिऱ्या प्रेक्षकांचा त्यात काही संबंध नव्हता. मला सुंदर दिसायचं होतं. तुम्हा लोकांचं नाव मी नंतर पुढे केलं, कारण त्या नावापुढे कुणी काही बोलू शकत नाही.

सुंदर दिसावंसं वाटलं याची मला तितकी लाज नाही. त्यासाठी तुमच्या आड लपले, याची आहे.

आता मोडायचं की नाही ते ठरवायला हवं. तीन डॉक्टर झाले. एक म्हणाला, काही बिघडलेलंच नाही. दुसरा म्हणाला, पुढच्याच आठवड्यात या, आणि वर नाकही दाखवा म्हणाला. तिसरा म्हातारा आहे, दैगूला बसतो, फक्त इतरांनी बिघडवलेले डोळे बघतो. त्यानं माझ्या पापण्या उलटून पालटून पाहिल्या आणि विचारलं, "काय हवंय तुम्हाला?"

"पूर्वीसारखे."

"ते विसरा. पूर्वीची कातडी कापून टाकलीय, ती कुठल्या कचऱ्यात गेली देव जाणे. दुसरं बोला."

मी म्हटलं, "मिटणारे."

"प्रयत्न करता येईल. आत सगळं चिकटलंय, ते सोडवावं लागेल. स्नायू थोडा सैल करू. जास्त सैल झाला तर पापणी लोंबेल, मग तिसऱ्यांदा यावं लागेल. कमी झाला तर आहे तसंच. उजवा डोळा जास्त हट्टी आहे. वचन देत नाही. आणखी?"

मला हसू आलं, पहिल्यांदाच कुणी मला इतकं कमी देऊ करत होतं. मी म्हटलं, "शांत हवेत. नाही म्हटलं की नाहीच दिसावं असे."

तो म्हणाला, "असं मला कुणी मागितलं नव्हतं. घरी जाऊन विचार करा. नाही केलंत तरी माणूस मरत नाही यानं."

तेव्हापासून विचारच करते आहे. आईला फोन केला. ती म्हणाली, "नको गं बाई आणखी सुऱ्या. लोकांना होईल सवय. तुझे मूळचे डोळे माझेच होते, ते तुला नाही आवडले, आता हे तरी आवडून घे." आणि फोनवर रडली. मी म्हटलं, "आई, तसं नव्हतं गं." ती म्हणाली, "मग कसं होतं?" तिचे डोळे मला आवडले नव्हते, हे खरंच आहे ना.

न करण्याची कारणं पुष्कळ आहेत. भीती आहे. परत फसेन ही लाज आहे. दस्तऐवज लावायला डोळे कसेही चालतात. पण काल केंद्रात एक तरुण बहिरा मुलगा आला होता, नोकरीचा अर्ज घेऊन. दुभाषी कुणी मोकळं नव्हतं. तो माझ्याकडे आला, दोन वाक्यं बोलला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खिशातून वही काढून लिहून दाखवू लागला. मी त्याला लिहूनच उत्तर दिलं. जन्मभर जी भाषा बोलले तिच्यात मला कुणी परदेशी समजलं.

तू हे करायला सांगितलं नाहीस. तुझ्यासाठी करते असंही म्हणणार नाही, तसं एकदा म्हणून झालंय. मला पुन्हा बोलायचंय म्हणून करते.

तारीख घेतली आहे, कापणीच्या सणानंतर लगेच. बरोबर एक जवळचं माणूस हवं म्हणतात, घरी न्यायला. मी केंद्रातल्या कुणाला विचारू शकते. तुला विचारते आहे. दुकान बंद ठेवावं लागेल. नाही आलास तर मला वाईट वाटेल, पण समजेल.

नान-ही


बुसान, १२ ऑक्टोबर

दादा,

आता वाचता-लिहिता येतं, म्हणून पहिलं पत्र तुला.

टाके निघाले. डावा डोळा मिटतो. खरंच मिटतो, अंधार होतो. उजव्याला अजून केसाएवढी फट राहते. म्हातारे डॉक्टर म्हणतात थांबा, कदाचित बसेल, कदाचित नाही. घडी खाली आली आहे, पण दोन्हीकडे सारखी नाही. सुंदर काही दिसत नाही. थोडी थकलेली बाई दिसते, एका डोळ्यानं जरा जास्त जागी. आजीशी व्हिडिओवर बोलले. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, 'अर्धी तरी आलीस परत.' मग म्हणाली, नाकवडीनं रांजण दिला नाही तो नाहीच.

माझं नाव तिनं घेतलं नाही. जुनंही नाही आणि दुसरंही नाही. मी मागितलं नाही.

तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. तू दैगूच्या बस स्थानकावर दिसलास तेव्हा मी मास्क वर ओढला, इतकी सवय झाली आहे. तू फक्त माझी पिशवी घेतलीस. दवाखान्यातली नर्स तुझ्याशी मोठ्यानं बोलत होती तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं. मी भूल घ्यायच्या भीतीनं गप्प बसले. तेही मनात आहे.

पण आज लिहिते आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

शस्त्रक्रियेनंतर मला तिथल्या खोलीत झोपवलं होतं. डोळ्यांवर बर्फाच्या पिशव्या, वरून पट्टी. मी बोलले तरी तुला ऐकू येणार नव्हतं. हातांनी बोलले असते तर तुला दिसलं असतं, पण तुझं उत्तर मला दिसलं नसतं. म्हणून मी हातही हलवले नाहीत. मला वाटलं, तू खुर्चीत बसून पेंगला असशील.

मग तू माझा हात उचललास आणि तळहात उघडलास. बोटानं लिहू लागलास. तुझं बोट खरखरीत आहे, भट्टीनं भाजलेलं. पहिल्यांदा लिहिलंस तेव्हा मला गुदगुल्या झाल्या आणि काही कळलं नाही. तू हात पुसल्यासारखा केलास आणि पुन्हा लिहिलंस, सावकाश, एकेक अक्षर. एक अक्षर कळलं, 'न'सारखं, बहुतेक माझ्या नावाचं पहिलं, किंवा 'नको'मधलं. तिसऱ्यांदा लिहिलंस. तोवर मला रडू येत होतं आणि रडायचं नाही असं बजावलेलं होतं, टाके भिजतात म्हणून. मी कशाकडेच लक्ष देऊ शकले नाही.

आणि मी मान हलवली. कळलं, कळलं, अशी. तू माझी मूठ मिटवलीस आणि तशीच हातात धरून बसलास, संध्याकाळी आपण निघेपर्यंत. तुला वाटलं तुझं म्हणणं पोचलं.

तुम्ही लोक आम्हा ऐकू येणाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलांवर जन्मभर अशीच मान हलवत आलात, सगळे हसले की हसत, हे मला माहीत आहे. त्यामागे काय असतं ते मी लोकांना व्याख्यानांतून सांगते. आणि माझी वेळ आली तेव्हा मीही तेच केलं, तेही तुझ्यापुढे.

तू इतकं तीनदा लिहिलंस ते काय होतं, दादा? रागाचं असेल तरी चालेल. मला कळलं नव्हतं. रविवारी मी बसनं येते आहे, दुकान उघडायच्या आधी. समोर बसून पुन्हा सांग.

नान-ही